तपासणीचा गूळ

हल्ली मला भाषणांना बोलावतात. विषय ठरलेला असतो: कामाच्या जागी होणारा भेदभाव आणि त्याविरुद्ध तोंड उघडणाऱ्याला मिळणारं कायद्याचं संरक्षण. बेळगावात वकिली करणारी, त्यातून बाई, त्यातून निपाणीच्या भीमनगरातली, म्हणजे बोलावणाऱ्यांचं एकाच हारात सगळं भागतं. मी जाते. नवे निकाल सांगते, तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवायचे नियम सांगते, पोरंपोरी टिपून घेतात, मग चहा होतो. माझ्या आज्जीची गोष्ट मात्र त्या भाषणात बसत नाही. तिच्यात कायदा चिमूटभर आहे आणि भीती पोतंभर. म्हणून ती इथं लिहिते.

आज्जीचं नाव तानीबाई. ती शूर होती असं कुणी म्हणालं तर माझी आई अजून पदर तोंडाला लावून हसते. आज्जी पोलिसाला भ्यायची, कंडक्टरला भ्यायची, पँट घातलेल्या कुठल्याही अनोळखी माणसाला भ्यायची. दवाखान्यात नुसतं नाव विचारलं तरी तिला घाम फुटायचा. रस्त्यानं जाताना भिंतीच्या कडेकडेनं चालायची. भित्रेपणात तिचा हात धरणारं आमच्या गल्लीत कुणी नव्हतं, एक सोनुबाई सोडली तर. सोनुबाई समोरच्या घरात राहायची आणि आज्जीबरोबरच कामाला जायची.

काम तंबाखूच्या वखारीत. आवारात मोठी चिंच होती म्हणून सगळे तिला चिंचेची वखार म्हणत. निपाणीत तेव्हा बायकांना दुसरं काम होतंच कुठं? या वखारीत बायकांच्या दोन जाती होत्या, म्हणजे खऱ्या जाती तर होत्याच, वर या दोन. एक हजेरीवरच्या आणि दुसऱ्या बिनहजेरीच्या. हजेरीवरच्या बायका मोठ्या पत्र्याखाली वाऱ्याला बसून पानं निवडायच्या. बिनहजेरीच्या मागच्या अंगाला चाळणीवर, तंबाखू चाळायला. चाळणीवर तंबाखूची धूळ अशी उडायची की संध्याकाळपर्यंत बायकांच्या पापण्या पिवळ्या व्हायच्या. बिनहजेरीच्या सगळ्या भीमनगरातल्या होत्या, हे वेगळं सांगायला नकोच. त्यांना पिण्याचं पाणी वरून ओंजळीत ओतायचे. नागोजी मुकादमाला कुणी विचारलंच, की आमची नावं हजेरीला का चढवत नाही, तर त्याचं उत्तर तयार असे. ‘‘तुमास्नी पत्र्याखाली बशीवलं तर त्या उठून जातील. मग वखार काय तुमचा बा चालवणार?’’

नाव हजेरीला नाही म्हणजे ती बाई वखारीत नाहीच. आजारपण नाही, रजा नाही, बाळंतपण तर नाहीच नाही. माझ्या आईनं, अंबूबाईनं, पहिल्या खेपेला दिवस भरत आले तरी चाळणी सोडली नव्हती, कारण सोडली असती तर दुसऱ्या दिवशी ती जागा दुसरीला गेली असती. ते मूल हाती लागलं नाही. तिसऱ्या दिवशी आई पुन्हा चाळणीवर उभी होती. तेव्हापासून आज्जीच्या डोक्यात एकच गोष्ट बसली: सुनेचं नाव हजेरीला चढलं पाहिजे. चढवायचं कसं, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.

आता गुळाचं सांगते. कधीमधी सरकारचा लेबर साहेब तपासणीला यायचा. तो एस.टी. स्टँडवर उतरला की तिथला चहावाला सायकलवरून माणूस पिटाळायचा. मग वखारीत पळापळ. नागोजी सायकलची घंटी वाजवत मागच्या अंगाला यायचा आणि चाळणीवरच्या सगळ्या बायकांना काडीच्या खोलीत घालायचा. तंबाखूच्या वाळक्या काड्या ठेवायची ती खोली. तिला खिडकी नव्हती आणि कुलूप बाहेरून. मुख्य अडचण खोकल्याची. चाळणीवरच्या बायका सतत खोकायच्या, आणि आत एवढ्या बायका खोकायला लागल्या तर बाहेरच्या बहिऱ्यालाही कळलं असतं. त्यावर नागोजीनं तोड काढली होती. त्याच खोलीत फळीवर गुळाची ढेप असायची. दारातून आत जाताना प्रत्येकीच्या तळहातावर तो वरून, हात न लावता, गुळाचा खडा टाकायचा. खडा गालात धरायचा आणि चोखत राहायचं, म्हणजे घसा ओला राहतो आणि खोकला येत नाही. चावून खायचा नाही. साहेब जाईपर्यंत पुरवायचा.

भीमनगरात याला तपासणीचा गूळ म्हणत. बायका त्यावरून चेष्टाही करत. साहेब आला की आपल्यालाच तेवढं लग्नाचं जेवण, म्हणत. आज्जीची एक खोड होती, ती अर्धा खडा दातानं तोडून पदराच्या टोकाला बांधायची आणि घरी सुनेला आणायची. सगळ्यांना ते माहीत होतं. सोनुबाई तिला ‘गुळाची म्हातारी’ म्हणायची.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. आणीबाणीच्या आसपास नवे कायदे झाले होते. शिवाशिवीचा कायदा कडक झाला होता, बाईला बाप्याइतकीच मजुरी द्यायचा कायदा आला होता. एका संध्याकाळी विहारात कॉलेजातले एक मास्तर येऊन हे सगळं समजावून सांगून गेले. बाळंतपणाच्या रजेचा कायदा तर जुनाच आहे, म्हणाले. शेवटी सोनुबाईनं विचारलं, ‘‘पर सायबाला सांगायचं कुणी? आमी तर साहेब आला की कुलपात असतो.’’ मास्तर म्हणाले, कुणीतरी धीर केला पाहिजे. आणि जी धीर करेल तिचं पुढं काय होईल, असं एकीनं विचारल्यावर मास्तरांनी चष्मा पुसला. मला त्यांचा राग येत नाही. मी आज एवढी पुस्तकं वाचून बसले आहे, तरी त्या काळच्या कायद्यात त्या बाईसाठी काय होतं, हे मलाही सांगता येत नाही. तिला कामावरून काढलं तर ती कामाला होती हेच आधी शाबीत करा, इथून सुरुवात.

त्यानंतर थोड्याच दिवसांत साहेब आला. नवा होता, धारवाडकडचा, तरुण. घंटी वाजली, बायका खोलीत गेल्या. आईला तेव्हा पुन्हा दिवस गेले होते. पोटात मी होते, म्हणजे त्या खोलीत मीही होते असं म्हणायला हरकत नाही. दार लागलं. आतला अंधार आई अजून सांगते. आपलाच हात आपल्याला दिसायचा नाही आणि शेजारणीचा श्वास मानेवर यायचा. काड्यांचा उग्र वास नाकातून थेट डोक्यात चढायचा. सगळ्यांना एकच धास्ती असायची, की बाहेर कुणी विडी टाकली आणि काड्या पेटल्या तर कुलूप उघडणार कोण? पण तोंडात गूळ. बोलायची सोय नाही.

बाहेर साहेबाचे बूट वाजले. आधीचे साहेब पत्र्यापर्यंत यायचे, चहा प्यायचे, जायचे. हा मागच्या अंगाला आला. बूट चाळणीपाशी थांबले, मग खोलीकडे आले. नागोजी बोलत होता, इथं नुसती काडी हाय साहेब, घाण हाय. बूट दारापाशी थांबले. आतल्या बायकांची पाचावर धारण बसली. आई सांगते, सोनुबाईनं तिचा दंड एवढा आवळला की चार दिवस वळ होता. मग बूट वळले, आणि आवाज लांब जायला लागला.

आणि आज्जी खोकली.

हे मी आत्ताच सांगून टाकते, ती मुद्दाम खोकली. गूळ तिनं तोंडात घातलाच नव्हता, मुठीत दाबून धरला होता. तिनं हे आधी ठरवलं होतं की बूट लांब जाताना ऐकून तिला राहवलं नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी पुष्कळदा विचारलं. ती म्हणायची, ‘‘मला काय ठावं? अंबूचं हुंदकणं ऐकू आलं, आन् मूठ काय उघडंना.’’

एकदा खोकली, आणि मग चाळणीवरचा तो खोकला, तो काय एकदा येऊन थांबतो होय? ती खोकत राहिली. बाहेरून साहेबानं कानडीत विचारलं, ‘‘ओळग यार अदार?’’ आत कोण आहे? नागोजीनं काहीतरी उत्तर दिलं. साहेबानं किल्ली मागितली. दार उघडलं तेव्हा उजेडानं बायकांचे डोळे मिटले. साहेबानं प्रत्येकीला विचारलं, तू इथं कामाला आहेस का? एकीनंही तोंड उघडलं नाही. आज्जीनंही नाही. तिची दातखीळ बसली होती. जेवढं धाडस होतं तेवढं त्या खोकल्यात संपलं होतं. नागोजी मात्र पटकन म्हणाला, ‘‘ह्या कामाच्या न्हाईत साहेब. गूळ चोराय घुसल्या असतील. गड्यानं बघिटलं न्हाई आन् कुलूप घाटलं.’’ साहेबानं ते लिहून घेतलं, बायकांची नावंही एकेकीकडून वदवून लिहून घेतली, आणि गेला.

संध्याकाळी भीमनगरात शिमगा झाला. सोनुबाई आमच्या दारात उभी राहून ओरडत होती, ‘‘गुळाची म्हातारी! सुनंसाठी गूळ राखाय गेलीस आन् समद्यांच्या पोटावर पाय दिलास! खडा तोंडात धराय काय झालंतं गं तुला?’’ आज्जी चुलीपुढं पाठ करून बसली होती. सगळ्यांची खात्री पटली होती, की हावरटपणानं तिनं खडा पदराला बांधला, म्हणून घसा कोरडा पडला आणि खोकला आला. नागोजीचीही तीच खात्री झाली. त्या गैरसमजावर आज्जी जगली. लोकांनी हावरट म्हटलं तर काम राहतं, फितूर म्हटलं तर राहत नाही, एवढं तिला नक्की कळत होतं.

वखारीनं बायकांना काढलं नाही. काढलं असतं तर त्या कामाला होत्या हे कबूल केल्यासारखं झालं असतं. चाळणी चालू राहिली, आणि साहेबाच्या कागदावरून बेळगावात कामगार खात्याच्या मोठ्या साहेबापुढं चौकशी लागली.

त्या मधल्या महिन्यांत आज्जीचं अन्न तुटलं. वखारीत नागोजी जवळून गेला की तिच्या हातातली चाळण थांबायची. कुणी दोघी कुजबुजल्या की आपल्याबद्दलच आहे असं तिला वाटायचं. माझा बाप मायाप्पा वखारीच्या शेठच्याच लॉरीवर हमाल होता. त्याला यायला उशीर झाला की ती उंबऱ्यावर येऊन बसायची आणि रस्त्यावरची प्रत्येक लॉरी बघायची. सायकलची घंटी ऐकली की ती चुलीपासून उठून उभी राहायची, मग ती पाववाल्याची घंटी का असेना. झोपेत आपण काही बोललो तर, म्हणून तोंडावर पदर बांधून झोपायची. घरातही तिनं कुणाला खरं सांगितलं नव्हतं. आईला नाही, बापाला नाही. मी जन्मले तेव्हा आई चाळणीवरूनच घरी आली होती. मी वाचले, एवढंच.

चौकशीच्या आधी चार दिवस नागोजी घरी आला. सायकल दाराला टेकवली. आज्जीनं घाईघाईनं पाट मांडला, तो बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, ‘‘तानीबाई, तुला बेळगावला बोलिवलंय. तितं एवढंच सांगायचं, आमी कामाला न्हाई. गुळासाठनं आत गेलतो. तू गूळ घरला नेतीस हे समद्यांस्नी ठावं हाय. तुझं म्हणणं पटतंय.’’

आज्जी पाळण्याची दोरी ओढत राहिली.

‘‘असं बोललीस तर अंबूबाईचं नाव हजेरीला. शेठनं सोता सांगितलंय. फुडच्या बाळंतपणाला रजा बी मिळंल. आन् वाकडं बोललीस,’’ तो माझ्या पाळण्याकडं बघत म्हणाला, ‘‘तर चोरीची फिर्याद. तुझ्यावर न्हाई, समद्या बायकांवर. मायाप्पाची लॉरी बी गेली. निपाणीतल्या एका वखारीचं दार तुला उघडणार न्हाई.’’

जाताना त्यानं घंटी वाजवली. रस्त्यात कुणी नव्हतं, तरी वाजवली.

तो गेल्यावर आईनं आज्जीचे पाय धरले. आई हे लपवत नाही, आणि मला तिचा अभिमान वाटतो की लपवत नाही. ‘‘आत्ती, सांगा तसं. काय खोटं हाय त्यात? तुमी गूळ आणतच हुता की. माझं एक मूल गेलं. आता ही पोरगी हाय. नाव चढू दे माझं.’’ आज्जीला पाहिजे होतं तेच तिच्या दारात चालत आलं होतं. फक्त एकटीच्या सुनेसाठी. बाकीच्या कुलपात.

ती ‘बघू’ म्हणाली.

बेळगावच्या गाडीत सगळ्या बायका होत्या, सगळ्यांनाच बोलावणं होतं. आज्जीच्या शेजारी कुणी बसलं नाही. आई मला मांडीवर घेऊन पुढच्या बाकावर होती. आज्जीनं खिडकीचा गज जो धरला तो बेळगाव येईपर्यंत सोडला नाही. काकती गाव मागं पडल्यावर तिला ओकारी आली, कंडक्टरनं आवाज चढवला, तिनं गज न सोडताच त्याच्यापुढं मान लववली. सोनुबाई मागं बसून पुटपुटत होती, ‘‘आता तितं बी खोकू नगंस म्हंजे झालं.’’ नागोजी दाराजवळच्या सीटवर बसला होता आणि एकेकीच्या तोंडाकडं बघत होता.

कचेरीतली खोली लहान होती. टेबलामागं मोठे साहेब, एका बाजूला तो धारवाडकडचा तरुण साहेब, दुसऱ्या बाजूला वखारीचा वकील. बायका भिंतीलगतच्या बाकावर दाटीवाटीनं बसल्या. नागोजी दारात उभा राहिला. एकेकीला उभं करून विचारलं, तुम्ही या वखारीत कामाला होता का? प्रत्येकीनं मान खाली घालून सांगितलं, न्हाई साहेब, गुळासाठनं गेलतो. सोनुबाईनंही तेच सांगितलं. तिचा आवाज इतका बारीक होता की साहेबांना दोनदा विचारावं लागलं. माझ्या आईनं काय सांगितलं? तेच. लहान साहेबाचं तोंड उतरत चाललं होतं.

मग आज्जी उठली. आधाराला तिनं टेबलाची कड धरली, आणि साहेबांचं टेबल आपण धरलंय हे लक्षात येताच चटका बसल्यासारखा हात काढून घेतला. वकील गालातल्या गालात हसला. त्याच्या दृष्टीनं हीच तर त्याची पक्की साक्षीदार होती.

‘‘तानीबाई, तुम्हाला गूळ आवडतो म्हणे?’’

कुणीतरी हसलं.

‘‘व्हय साहेब.’’

‘‘घरी नेता?’’

‘‘व्हय. सुनंसाठनं.’’

‘‘त्या दिवशी त्या खोलीत तुमच्या हातात गूळ होता?’’

‘‘हुता.’’

वकिलानं मोठ्या साहेबांकडं बघितलं, झालं असं म्हणण्याच्या थाटात. तो खाली बसणार तेवढ्यात आज्जी म्हणाली, ‘‘मुठीत हुता. तोंडात न्हवता.’’

‘‘बरं, मुठीत होता. बसा.’’

ती बसली नाही. आई सांगते, तिच्या मानेची शीर ताडताड उडताना बाकावरून दिसत होती, आणि ती मोठ्या साहेबांकडं नव्हे, खाली फरशीकडं बघून बोलत होती.

‘‘तोंडात धरला असता तर खोकला आला नसता साहेब. नागोजीअण्णा खोकला येऊ नये म्हणूनच गूळ देतात. चोरीचा न्हाई त्यो. दर तपासणीला देतात. वरनं टाकतात. मी तोंडात घातला न्हाई. मी मुद्दाम खोकले.’’

वकील चपळाईनं उठला. ‘‘म्हणजे तुम्हाला कुणी शिकवलं होतं? कशासाठी खोकलात मुद्दाम?’’

‘‘साहेब निघालतं,’’ आज्जी म्हणाली. ‘‘दाराला कुलूप. आमची नावं कुठंच न्हाईत, मग साहेबाला कळणार कसं, की आत माणसं हाईत?’’ आणि मग, जणू फार मोठा गुन्हा कबूल करत होती, तशी म्हणाली, ‘‘मला लई भ्या वाटतंय साहेब. मला आता बसू द्या.’’

मोठे साहेब लिहायचे थांबले. त्यांनी बाकावरच्या बायकांना विचारलं, ‘‘ही म्हणते ते खरं का? तुम्हाला आत कोंडत होते?’’

एकीनंही मान वर केली नाही. आईनं मला छातीशी एवढं दाबलं की मी रडायला लागले. दारात नागोजी हाताची घडी घालून उभा होता. वकील शांतपणे म्हणाला, ‘‘साहेब, एवढ्या बायकांचा जबाब एकीकडं आणि हिचा एकीकडं.’’ साहेबांनी पेनाला टोपण लावलं. आज्जीला त्या क्षणी काय वाटलं असेल? मी रोज कोर्टात उभी राहते, तरी ते टोपण लावल्याचा आवाज मनात आला की मी हातातली फाईल खाली ठेवते. काम गेलं, सुनेचं नाव गेलं, मुलाची लॉरी गेली, शेजारणींवर चोरीचा आळ आला, आणि हे सगळं तिनं स्वतःच्या तोंडानं केलं होतं.

तेवढ्यात सोनुबाई खोकली.

मोठा, चाळणीवरचा खोकला. साहेब म्हणाले, ‘‘अरे, पाणी द्या त्यांना.’’ शिपाई तांब्या घेऊन आला. सोनुबाई उठून उभी राहिली होती. तिची नजर नागोजीवर होती, आणि तिनं तांब्या हातानं बाजूला सारला.

‘‘पाणी नगं साहेब,’’ ती म्हणाली. ‘‘मी बी मुद्दामच खोकले.’’

पुढचं थोडक्यात सांगते, कारण पुढं फार नाट्य नाही. आणखी दोघी उठल्या, मग माझी आई उठली. साहेबांनी जबाब पुन्हा घ्यायला लावले. चोरीची फिर्याद झाली नाही, वकिलानंच शेठला ती गिळायला सांगितली म्हणे. पुढच्या हंगामात चाळणीवरच्या बायकांची नावं हजेरीला चढली. अंबूबाईचं चढलं, सोनुबाईचं चढलं. काडीच्या खोलीचं कुलूप निघालं. पाण्याच्या नळाला त्यांनी हात लावला तेव्हा पत्र्याखालच्या दोन-तीन बायका उठून गेल्या, आणि दुपारी परत येऊन बसल्या.

तानीबाईचं नाव चढलं नाही. तिला कुणी काढलं नाही, फक्त पुन्हा बोलावलं नाही. ती निपाणीतल्या बाकीच्या वखारींत जाऊन आली. नागोजीनं सांगितलं होतं तसंच झालं. बापाची लॉरी सुटली, तो पुढं बरेच दिवस पोती वाहायचं काम मिळावं म्हणून बाजारात उभा राहायचा. आज्जी लोकांच्या रानात तण काढायला, भांगलायला जायला लागली. तिनं तक्रार केली नाही आणि अभिमानही मिरवला नाही. लहान साहेब एकदा भेटायला आला होता, तर ही मागच्या दारानं परड्यात जाऊन बसली. भीती तिच्या अंगातून गेलीच नाही. पुढं कितीतरी वर्षं सायकलची घंटी वाजली की ती हातातलं काम टाकून दाराआड व्हायची. मला भाषणात हे सांगता येत नाही. लोकांना वाटतं, एकदा बोललं की माणूस मोकळं होतं.

माझा धाकटा भाऊ परशराम ब्याऐंशी साली जन्मला, आईच्या भरपगारी रजेत. अख्ख्या भीमनगरात रजेवर जन्मलेलं ते पहिलं पोर, म्हणून सगळी गल्ली बघायला आली. सोनुबाई गुळाचा मोठा खडा घेऊन आली. आज्जी बाळाला शेकत बसली होती. त्या चौकशीपासून तिनं गूळ तोंडात घातला नव्हता, चहाही बिनगोडाचा प्यायची, आणि का ते कुणी विचारलं नव्हतं. सोनुबाईनं खडा तिच्या हातावर ठेवला, हाताला हात लावून, नीट.

‘‘खा,’’ ती म्हणाली. ‘‘आता तरी तोंडात घाल की गं, गुळाचे म्हातारे.’’

आज्जीनं मूठ मिटली. तिचं लक्ष दाराकडं होतं.

‘‘भायेर कोण हाय काय बघ आदी,’’ ती म्हणाली.

सोनुबाई हसली नाही. ती उठली, दारापर्यंत गेली, गल्ली दोन्ही अंगांनी बघून आली आणि पुन्हा तिच्या शेजारी बसली.

‘‘कोण न्हाई. सायकल बी न्हाई. खा.’’

मग आज्जीनं मूठ उघडली.